पितळी बिल्ल्याची सायकल

मित्रांनो, मी एक सायकल आहे. अशी हकिगत सांगणारे बहुतेक जण स्वतःला जुने म्हणवून घेतात आणि मला त्यांचा हेवा वाटतो. जुनं व्हायला आधी कुणीतरी वापरावं लागतं. माझं वय सात वर्षं, पण रस्ता कसा असतो हे मला नीट माहीत नाही. जन्माला आले, मिरवले आणि काचेत गेले, एवढीच माझी कमाई. तरी मी तोंड उघडलं आहे, त्याला कारण आहे. तेवढं शेवटपर्यंत ऐका.

मला बनवलं ती सायकलींची कंपनी तेव्हा पन्नास वर्षांची झाली होती. ती सुरू केली आमच्या मालकीणबाईंच्या वडिलांनी, एका पत्र्याच्या शेडमध्ये. त्यांची पहिली सायकल काळी, जड आणि एकाच गिअरची होती. दूधवाले आणि पोस्टमन ती वर्षानुवर्षं दामटत, आणि ती तक्रार करत नसे. बाईंच्या मनात आलं, पन्नासाव्या वर्षी तशीच एका गिअरची सायकल काढायची, पण डोंगरावर जाणारी. फक्त पन्नास. एकावन्नावी मागायला प्रत्यक्ष मंत्री आला तरी नाही म्हणायचं.

त्या पन्नासांतली मी पहिली. रंग गडद निळा, टायर जाडजूड, हँडल रुंद. आजकालच्या डोंगरी सायकलींना गिअरचा गठ्ठाच्या गठ्ठा असतो; मला एकच. चढ आला की पायांत दम असेल तर चढायचं, नसेल तर मुकाट्यानं उतरून चालायचं. मागच्या चाकाजवळ लांबट खाचा आहेत. चेन सैल झाली की चाक जरा मागे ओढायचं, नट कसायचे, संपलं काम. हिच्यात बिघडण्यासारखं काही नाहीच, असं जो तो म्हणायचा. ऐकून मी फुगायची.

माझ्या नळ्या जोडल्या त्या झाळकाकांनी. नळीला नळी लावून सांध्यात पितळ वितळवायचं, त्याला झाळणं म्हणतात, आणि ते काम काकांनी चौतीस वर्षं केलं होतं. त्यांचं खरं नाव पगाराच्या यादीत असेल, बाकी कुणाला आठवत नव्हतं. काकांचा सांधा हत्तीनं ओढला तरी सुटायचा नाही, असं कारखान्यात म्हणत. हत्ती काही कुणी आणला नाही, पण काकांनीही ते कधी खोडून काढलं नाही. तसे ते मितभाषी, पण सांध्याचा विषय निघाला की मान आपोआप ताठ व्हायची.

आम्ही पन्नास जणी वर्धापनदिनाच्या आहोत हे लोकांना कळावं म्हणून विक्रीवाल्या साहेबांनी एक स्टिकर छापून आणला. काकांनी तो दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिला.

"हा? दोन पावसांत साल निघेल याची," ते बाईंना म्हणाले. "तुमच्या वडलांच्या सायकलीला पितळेचा बिल्ला होता, रिव्हेट मारून बसवलेला. मान द्यायचा तर तसा द्या. नाहीतर राहू द्या."

वडलांचं नाव निघालं आणि बाई विरघळल्या. पितळेचे बिल्ले झाले. त्यावर कंपनीचं नाव, म्हणजे बाईंच्या वडलांचंच, वर्षं आणि प्रत्येकीचा क्रमांक. मजकूर वाढला तसा बिल्ला लांबला, आणि लांबला तसा तो पुढच्या आखूड नळीवर मावेना. मग काकांनी तो खालच्या तिरक्या नळीवर, पुढच्या सांध्यापासून चार बोटं मागे, दोन भोकं पाडून बसवला. पन्नास सायकली, शंभर भोकं. सगळी एका आठवड्यात, सगळी त्यांच्या हातची.

इथेच चूक झाली, मित्रांनो. जुन्या काळ्या सायकलीची नळी अशी जाड होती की तिच्यात कुठेही भोक पाडा, तिला त्याचं सोयरसुतक नसायचं. आमच्या नळ्या वजन कमी व्हावं म्हणून मुद्दाम पातळ केलेल्या. शिवाय दगडधोंड्यांतून उतरताना सगळा मार बसतो तो नेमका त्या सांध्यामागे. कारखान्यात सायकली हादरवून पाहायचं एक यंत्र आहे. त्यावर आमच्या एका नमुन्याची चाचणी झाली होती आणि नमुना उत्तम पास झाला होता. पण चाचणी झाली तेव्हा बिल्ल्याचा पत्ताच नव्हता. तो मागाहून आला, आणि बिल्ला म्हणजे दागिना, त्याची कोण चाचणी घेतो? कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मी बिल्ल्याच्या तोऱ्यात होते.

वर्धापनदिनाला भाषणं झाली, टाळ्या झाल्या. अठ्ठेचाळीस सायकली संध्याकाळच्या आत विकल्या गेल्या. बारा नंबरची बाईंनी काकांना दिली, सगळ्यांसमोर, हात जोडून. काकांचे गुडघे तेव्हाच कुरकुरत होते, म्हणून त्यांनी ती आपल्या लेकीला दिली. लेक वनरक्षक होती. रोज डोंगरातल्या पायवाटांवरून पंधरा-वीस किलोमीटर फिरायचं हेच तिचं काम, तेव्हा सायकल योग्य हातात पडली. आणि मी, एक नंबरची, मला काय मिळालं? मला मान मिळाला. कार्यालयाच्या दर्शनी खोलीत, सोफ्याच्या समोर, मला काचेच्या कपाटात ठेवायचं ठरलं.

कपाट करायला आलेला सुतार मोठा हुशार. त्यानं मला आधी जागेवर उभं केलं, मग माझ्याभोवती चौकट बांधली, मग काचा बसवल्या, मग दोन पावलं मागे सरून स्वतःवर खूश झाला. तेव्हा फोनवर बसणाऱ्या ताईंनी विचारलं, "दादा, दार कुठंय?"

सुतारदादा बराच वेळ कपाटाकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी बाजूला वीतभर झडप कापून दिली. "पुसायला हात जातो की! अजून काय पाहिजे? सायकल काय रोज बाहेर काढायचीय?" म्हणाले आणि हत्यारं आवरून चालते झाले.

झडपेतून ताईंचा हात सीटपर्यंत पोचायचा आणि अर्ध्या हँडलपर्यंत. तेवढी मी चकाचक असे. मागच्या चाकावर धूळ साचत गेली ती साचतच गेली. टायरमधली हवा हळूहळू गेली. चेनचं तेल सुकलं. समोरच्या खिडकीतून उन्हं यायची, म्हणून माझी उजवी बाजू फिकी पडली आणि डावी तशीच राहिली. काचेवर पाटी होती, 'कृपया हात लावू नये'. तिची काही गरज नव्हती. हात लावायला वाट होती कुठे?

आलेली माणसं माझ्यासमोर उभी राहून फोटो काढत. लहान मुलं काचेला नाक लावत आणि काचेवर वाफेचा ठिपका ठेवून जात. सुरुवातीला मला ते आवडायचं. वर्षभरात मला त्याचा वीट आला. खिडकीतून बाहेरचा सायकल-स्टँड दिसायचा. महिन्यातून एकदा काकांची लेक बापाला भेटायला यायची आणि बारा नंबरला तिथे लावायची. चिखलानं माखलेली, ओरखडे पडलेली, पायडलचा एक कोपरा उडालेला. मला ती बघवत नसे आणि तिच्यावरून नजरही हलत नसे. आम्ही एकाच आठवड्यात जन्मलो होतो. तिला डोंगर मिळाला आणि मला सोफा. दोन वेळा मला रडू आलं, पण सायकलीला रडता येत नाही, म्हणून ते आतच राहिलं.

अशी तीन वर्षं गेली. मग एके दिवशी एक मास्तर आले. शाळेत विज्ञान शिकवणारे, साधेसे, डावा हात प्लास्टरमध्ये. त्यांच्यामागून टेम्पोवाल्यानं एकतीस नंबरची आत आणली, दोन तुकड्यांत. मी हबकले. आपल्या बहिणीला असं पाहायची वेळ कुणावर येऊ नये.

"उतारावर होतो," मास्तर सांगत होते. "कडकन आवाज झाला. मी हँडल धरलेलं होतं, पण हँडलच्या मागे सायकल नव्हती."

विक्रीवाले साहेब गोड बोलायला पटाईत. "सर, उड्या मारल्या असतील तुम्ही. किंवा हवा कमी असेल. पन्नासांतल्या एकीचीही तक्रार नाही हो. ही बघा आमची एक नंबरची, तीन वर्षांत ओरखडा नाही!"

माझ्याकडे बोट दाखवून ते हे बोलले, मित्रांनो. मला काच फोडून बाहेर यावंसं वाटलं. अहो, मी तीन वर्षांत एक वीतही चालले नव्हते, ओरखडा पडणार कसा? पण मास्तर भिडस्त माणूस. माझंच काही चुकलं असेल असं पुटपुटले, बदल्यात दिलेली दुसरी सायकल घेऊन गेले, आणि एकतीस नंबरचे तुकडे दुपारच्या आत भंगाराच्या गाडीत चढले.

ताईंनी जेवणाच्या सुट्टीत ही बातमी काकांना दिली. काका डब्याचं झाकण उघडत होते.

"कुठून तुटली?" त्यांनी विचारलं.

"बिल्ल्यापाशी, म्हणे."

काकांनी झाकण परत लावलं. ते उठून माझ्यासमोर आले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि माझ्या बिल्ल्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरत गेला तो मी समोरून पाहिला. त्यांना कळलं होतं. आणि त्यांना कळलं आहे हे मला कळलं. आता हे सरळ बाईंकडे जातील, अशी माझी खात्री होती. ते गेले, पण डबा घेऊन, मागच्या दारानं.

त्याच आठवड्यात लेक आली. "बाबा, पुढून जरा करकर येतेय हो. चढावर जास्त. बघता का?"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "ठेव इथंच. आजच्या आज ठेव. बसनं जा घरी."

"अहो, उद्या मला टेकडीवर जायचंय."

"चालत जा!" काका एवढ्या मोठ्यानं ओरडले की ताईंच्या हातातला फोन खाली आला. लेक चकित होऊन गेली.

मागच्या शेडमध्ये मग काय झालं, ते मला पुढे काकांच्याच तोंडून ऐकायला मिळालं. सगळे जेवायला गेल्यावर त्यांनी बारा नंबरचे रिव्हेट काढले, बिल्ला उचलला. भोकापासून नखाएवढी चीर निघाली होती. काकांनी ती झाळली, भोकं बुजवली, वरून कानस मारली, त्यावर रंग दिला. अर्ध्या तासात असं काम केलं की भिंग लावून शोधलं तरी सापडू नये. बिल्ला खिशात घातला. आणि मग ते गप्प बसले.

एक दिवस नाही, चांगले तीन आठवडे. दर्शनी खोलीतून जाताना ते माझ्याकडे बघायचं टाळू लागले. मला काकांचा राग आला, सांगायला लाज कसली? पोटच्या पोरीची सायकल तेवढी सुरक्षित केली आणि बाकीच्या सत्तेचाळीस माणसांना डोंगरावर तसंच सोडलं. कुणी शिक्षक, कुणी नुकता बाप झालेला, कुणी कॉलेजातली मुलगी, सगळे त्या दोन भोकांवर भार टाकून उतार उतरत होते. इतक्या वर्षांच्या नावाला बट्टा लागेल म्हणून काका मूग गिळून होते, आणि मला सगळं माहीत असून मी काचेमागे उभी होते. तोवर मी अडकले म्हणून कुढत होते, ते आपल्यासाठी. आता कळलं की अडकणं याहून वाईट असतं. ओरडावंसं वाटतं आणि तोंडासमोर काच असते.

चौथ्या आठवड्यात लेक पुन्हा आली. या वेळी ती हसत नव्हती. काकांना तिनं दर्शनी खोलीत, माझ्यासमोरच गाठलं.

"बाबा, माझ्या सायकलीचा बिल्ला कुठंय?"

"पडला असेल कुठंतरी."

"पडला तर भोकं राहतात. भोकं कुणीतरी बुजवलीत. आणि असं काम दुसरं कुणी करू शकत नाही, हे मला पाचवीत असल्यापासून माहितीय."

ताईंनी फोनमध्ये डोकं घातलं, पण कान इकडेच होते.

"तुटणार होती ना?" लेकीनं विचारलं. काकांनी मान हलवली. "आणि बाकीच्यांच्या?"

काकांनी माझ्या बिल्ल्याकडे पाहिलं.

"म्हणजे फक्त माझी?" तिचा आवाज बारीक झाला. "बाबा, मी रोज त्याच वाटांवर असते. एखाद्या वळणावर कुणी पडलेला सापडला, तर त्याला उचलायला मीच जाणार. त्याच्या सायकलीवर तुमचा बिल्ला असला, तर मी त्याला काय सांगू?"

काका सोफ्यावर बसले. तीन वर्षांत मी त्यांना तिथे बसलेलं पाहिलं नव्हतं; कामाच्या कपड्यांनी सोफा मळेल म्हणून ते कायम उभे असत. मिनिटभर बसले, मग उठले आणि बाईंच्या केबिनचं दार न ठोठावता उघडलं.

बाई आणि विक्रीवाले साहेब, दोघांना ते बाहेर घेऊन आले. माझ्यासमोर उभे राहिले आणि एका दमात सगळं बोलले. भोकं, चीर, झाळ, रंग. "चूक माझी आहे, बाई. बिल्ल्याचा हट्ट माझा होता. आणि कळल्यावर गप्प बसलो, ती दुसरी चूक. ती पहिलीहून मोठी."

साहेब उसळले. "काका, नुसत्या तुमच्या शब्दावर सत्तेचाळीस लोकांना कळवायचं? आमच्या मानाच्या सायकली मोडतात म्हणून? लोक तोंडात शेण घालतील! पुरावा काय आहे?"

"एक भंगारात गेली, साहेब. तिथं तुम्ही घाई केली. दुसरी मी झाळून टाकली. तिथं मी."

"मग झालं तर! ही समोर उभी आहे बघा. आहे कुठे चीर?"

"तिच्यावर कुणी बसलंय कुठं?"

बाई कपाटाजवळ आल्या आणि त्यांनी काचेला हात टेकवला. त्यांच्या वडलांचं नाव माझ्या बिल्ल्यावर होतं, आणि त्या तेच वाचत होत्या. मला वाटलं, संपलं. या काही ऐकायच्या नाहीत.

"हिला यंत्रावर चढवा," बाई म्हणाल्या. "बिल्ल्यासकट."

सुतारदादांना बोलावणं गेलं. ते आले, त्यांनी कपाटाभोवती तीन चकरा मारल्या आणि सगळे जोड मोकळे करायला दोन दिवस मागितले. साहेबांचा चेहरा खुलला. बाई म्हणाल्या, "दोन दिवसांत कुणीतरी उतारावर असेल. फोडा काच."

काकांनी आधी झडपेतून बारदान आत सरकवून जमेल तेवढं माझ्या अंगावर टाकलं, मग हातोडा उचलला. एवढा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. काचा सोफ्यापर्यंत उडाल्या. आणि मग हवा लागली, मित्रांनो! साधी खोलीतली, पंख्याची हवा. तीन वर्षांनी काकांचे हात मला लागले. "चल," ते मला म्हणाले. "तुझ्यावर अन्यायच आहे हा. पण चल."

ते यंत्र म्हणजे एक भलंमोठं लोखंडी पिंप आहे, आडवं फिरणारं. त्याच्यावर लाकडाच्या पट्ट्या ठोकलेल्या, म्हणजे चाकाला गचके बसावेत. मला तेलपाणी केलं, हवा भरली, चाकांचा आउट, म्हणजे डुलणं, काढला. मग पिंपावर उभं करून साखळ्यांनी दोन्हीकडून बांधलं. सीटवर, हँडलवर, पायडलवर वाळूची पोती ठेवली. मोटर सुरू झाली.

आणि मी धावले! माझी चाकं फिरली, टायर गरम झाले, चेन वाजू लागली. पट्टी आली की गचका, पुन्हा पट्टी, पुन्हा गचका. याला डोंगर म्हणतात का ते मला ठाऊक नाही, पण मला हेच हवं होतं. मी किती किलोमीटर गेले ते काट्यावर उमटत होतं आणि समोर मात्र तीच भिंत, तोच पाण्याचा नळ, तोच आग विझवायचा लाल डबा. साखळ्या मला बोटभरही पुढे जाऊ देत नव्हत्या.

खरं सांगू? मला मोडायचं नव्हतं. शेडमध्ये सगळे कशाची वाट बघत आहेत ते मला ठाऊक होतं, तरी मनातून मी म्हणत होते, काका चुकलेले असू देत. मी पास झाले तर मला कदाचित कुणी रस्त्यावर नेईल. पण मी पास झाले तर साहेब म्हणतील, बघा, आणि ते सत्तेचाळीस जण तसेच उतरत राहतील. असल्या विचारात माझे दोन दिवस गेले. दिवसभर धावायचं, संध्याकाळी काका मोटर बंद करून माझ्या नळीवरून अंगठा फिरवायचे आणि घरी जायचे. साहेब दर दोन तासांनी येऊन विचारत, "काय? आहे ना धडधाकट?"

तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या पुढच्या बाजूनं आवाज आला. बारीकसा, करकर. यंत्राच्या घरघरीत तो दुसऱ्या कुणाला ऐकू आला नाही. काकांनी हात वर केला आणि मोटर थांबली.

त्यांनी रिव्हेट काढले. बिल्ला उचलला. चीर भोकापासून निघून नळीच्या निम्म्या घेरापर्यंत गेली होती. काकांनी डोळे मिटून घेतले. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. विक्रीवाले साहेब पुढे झाले, त्यांनी चिरेत नख घालून पाहिलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग ते तडक फोनकडे गेले. ताईंना बाजूला बसवून पहिला नंबर त्यांनी स्वतः फिरवला आणि रात्रीचं जेवण विसरून तिथेच बसले. साहेबांना नावं ठेवताना मी हे विसरत नाही.

सायकली परत येऊ लागल्या. चिखलाच्या, धुळीच्या, घंटा लावलेल्या, लहान मुलाची खुर्ची बसवलेल्या. लहान मुलाच्या खुर्चीच्या सायकलीचा बिल्ला काढला तेव्हा खाली बोटभर चीर होती. तिचा मालक पाणी मागून प्यायला आणि बराच वेळ भिंतीला टेकून उभा राहिला. काकांनी एकीलाही नुसता झाळ दिला नाही. सगळ्यांची खालची नळीच नवी घातली. लेकीच्या सायकलीचीसुद्धा. बिल्ले आता सीटखाली चामड्याच्या पट्ट्यानं बांधलेले असतात. तिथे ते निवांत मिरवतात आणि कुणाला अपाय करत नाहीत.

मास्तरांकडे काका स्वतः गेले. परत येऊन त्यांनी ताईंना सांगितलं, ते मी ऐकलं. मास्तरांनी त्या दिवसानंतर सायकल सोडली होती. आपला तोल जातो, आपल्याला जमत नाही, असं ते धरूनच चालले होते. काकांनी चूक कबूल केली तेव्हा मास्तर म्हणाले, "म्हणजे मी नीट चालवत होतो?" आणि एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिले. नंतर मी काकांची मान फारशी ताठ पाहिली नाही. पण आता ते माझ्याकडे बघतात.

मला दुरुस्त केलं नाही. मी नव्या कामगारांना शिकवायच्या खोलीत आहे, भिंतीला दोन खिळ्यांवर टांगलेली. चीर दिसावी म्हणून माझी नळी कापून उघडी ठेवली आहे. नवी पोरं येतात, चिरेत बोट घालतात आणि बोट पटकन मागे घेतात. काका निवृत्त झाले, तरी आठवड्यातून एकदा येतात आणि भोक कुठे पाडायचं नाही ते शिकवतात. आता मी रस्त्यावर जाणार नाही, हे मला माहीत आहे. अजूनही वाईट वाटतं. काचेतून निघाले आणि खिळ्यावर आले, याला काय सुटका म्हणायची? तरी आता मला निदान हात लावतात.

पण मित्रांनो, हे सगळं मी माझं रडगाणं गायला सांगितलं नाही. सत्तेचाळीस सायकली बाहेर होत्या. त्यांतल्या सेहेचाळीस आल्या. एक आली नाही. चव्वेचाळीस नंबरची. ज्यानं ती घेतली त्यानं ती विकली, त्यानं पुढे तिसऱ्याला विकली, आणि दर वेळी बिल्ल्यामुळेच तिचा भाव वाढला. तिसऱ्याचा पत्ता कुणाकडे नाही. साहेबांनी जाहिराती दिल्या. काकांची लेक अजून प्रत्येक वाटेवर प्रत्येक सायकलीकडे आधी खाली, तिरक्या नळीकडे बघते. चार वर्षं झाली.

म्हणून तुम्हाला विनवते. तुम्ही कुठेही राहत असा. रस्त्यात गडद निळी सायकल दिसली, जाड टायरची, एका गिअरची, आणि पुढच्या सांध्यामागे पितळेचा बिल्ला चमकताना दिसला, तर लाजू नका, हाक मारा. तो थांबेल आणि म्हणेल, सायकल झकास आहे, दुर्मिळ आहे, हात लावू नका. म्हणू दे. तुम्ही त्याला फक्त एवढंच विचारा, पुढून करकर येते का? आणि तो हो म्हणो की नाही म्हणो, त्याला सांगा, बाबा रे, उतर. इथून पुढे हातात धरून चालत जा.